आजार : आहे

६ जानेवारी

राधाकिशन अण्णांनी आज पुन्हा डोकं खाल्लं. अण्णा म्हणजे आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ चालवणारे रिटायर्ड हेडमास्तर. आजवर पोरापोरींचे बायोडाटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोटारसायकलवर गावोगाव फिरायचे. आता त्यांना वेबसाइट पाहिजे, आणि केजमध्ये त्यांच्या ओळखीचा वेबसाइटवाला मी एकटाच.

"अंगदराव, मला ते सर्व्हर-फिर्व्हर काय कळत न्हाई. बटण दाबलं की बायोडाटा फोनमधी पडला पायजे."

बटण दाबलं की! जसा काही मी आत बसून एकेक कागद ढकलणार आहे. त्यांना शांतपणे समजावलं की फाईल आधीपासून कुठे ठेवलेली नसते. कुणी बटण दाबलं की सर्व्हरवरची स्क्रिप्ट जागी होते, त्या मुलीची माहिती काढते, नाव, उंची, शिक्षण, मामाचं गाव जिथल्या तिथे बसवते, जागेवर पीडीएफ बनवते आणि पाठवून देते.

"मंजी दाबायच्या आदी कागद नस्तोच?"

"नसतो."

"आन नंतर?"

"नंतर पण नसतो. ज्यानं घेतला त्याच्या फोनमध्ये असतो, तेवढाच."

अण्णा म्हणाले, "लई भारी," आणि चहा मागितला. माझ्या कामाची कदर इथे इतकीच होते.

११ जानेवारी

मराठी अक्षरांनी जीव नकोसा केला. पानावर नीट दिसतात, फाईल बनवली की फुटतात. टेस्टिंगला ताईचाच बायोडाटा घेतलाय, कारण तिची माहिती मला पाठ आहे. 'विजयमाला'मधली वेलांटी कधी व-वर बसते, कधी य-वर. ताईनं मागून वाकून बघितलं आणि हसली. "माझं नाव तरी सरळ लिव्ह की रे."

ताई माझ्यापेक्षा मोठी. गावातल्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. तिचं लग्न जमवायच्या वेळी आमचे वडील, आबा, गेले, मग आईला लकवा झाला, आणि राहून गेलं. आईची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ऐकू सगळं येतं. ताई सकाळी आईचं न्हाणं-धुणं, कपडे, गोळ्या सगळं आवरून कामावर जाते आणि दुपारी येऊन तिला भरवते. मला ते जमत नाही. मला तो वास सहन होत नाही, त्याला मी तरी काय करणार?

२ फेब्रुवारी

वधू-वर मेळावा झाला. अण्णांनी माईकवर माझं नाव घेतलं, तेही चुकीचं.

पण साइट पळाली! मंगल कार्यालयात बसल्या बसल्या लोक बायोडाटा उतरवून घेत होते. कुणी कुणाचा घेतला ते मला मागच्या बाजूनं दिसतं. मुलांचे बाप मुलींच्या बापांना पाणी नेऊन देत होते. मुलीच कमी आहेत, त्यामुळे सध्या मुलीवाल्यांची चलती आहे. ताईच्या बायोडाटावर तर झुंबड होती. त्यातला एक नंबर पुन्हा पुन्हा येत होता. हनुमान म्हणून मुलगा आहे, युसूफ वडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. मेळाव्यात तो आणि ताई भज्यांच्या रांगेत बोलत उभे होते. बराच वेळ बोलत होते. रविवारी दोन्हीकडच्यांनी कपिलधारला भेटायचं ठरलं. पोरगी बघायला थेट घरी नको म्हणून आमच्याकडे असं देवाच्या दारात भेटतात.

आईला भरवताना ताई गुणगुणत होती. आई एका डोळ्यानं हसत होती. मला का कोण जाणे, जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी

कपिलधार रद्द. हनुमानच्या वडिलांचा फोन माझ्यावर आला, कारण बायोडाटावर संपर्काला माझाच नंबर आहे. "पत्रिका जुळत न्हाई वो. आमची बी लई इच्छा होती."

आमच्या भागात नकाराचं खरं कारण कुणी सांगत नाही. रंग असो, उंची असो, भावाची दारू असो, सांगायचं ते पत्रिकेचंच. समोरच्यानंही "योग नव्हता" म्हणून फोन ठेवायचा. खोदून विचारणारा माणूस अडाणी ठरतो. मीही योग नव्हता म्हणालो.

ताईनं कालच साडी इस्त्री करून ठेवली होती. ती घडी न मोडता कपाटात ठेवली आणि म्हणाली, "चला, आईची अंघोळ ऱ्हायली."

१२ फेब्रुवारी

अरे देवा.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी अण्णांनी हट्टानं एक रकाना वाढवायला लावला होता. 'दीर्घ आजार किंवा व्यंग'. लोक फसवतात म्हणे. ज्यांनी आधीच माहिती भरली होती त्यांचा तो रकाना रिकामा राहिला. साइटच्या पानावर रिकाम्या जागी 'नाही' दिसतं, ते बरोबर आहे. पण फाईल बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी अट उलटी लिहिली. तिथे रिकामं असलं की 'आहे' छापलं जातं.

म्हणजे मेळाव्यात जे बायोडाटा गेले, त्यांतल्या कितीतरी धडधाकट पोरापोरींच्या कागदावर 'आजार : आहे' असं गेलंय. ताईच्याही.

अण्णांना सांगून काय होणार होतं, नुसती बोंबाबोंब झाली असती. मी रिकाम्या नोंदींमध्ये एकेक करून 'नाही' भरत गेलो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या झाल्या. ताईची तेवढी राहिली. राहिली म्हणजे, उद्या करतो.

१३ फेब्रुवारी

आज वेळ मिळाला नाही.

२० फेब्रुवारी

ताई लॅबच्या कामानं दिवसभर लातूरला गेली होती. जाताना सगळं समजावून गेली. कुठली गोळी कधी, कूस कशी बदलायची, पातळ भात कसा कालवायचा. मी हो हो म्हणालो. दुपारी आईनं अंथरूण ओलं केलं. मी दोनदा खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तिसऱ्यांदा दार लोटून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

संध्याकाळी ताई आली, काही बोलली नाही. चप्पल काढून पदर खोचला आणि आत गेली. आतून तिचा आवाज येत होता, "झालं, आई, झालं. आले ना मी." तिच्या या न बोलण्याचा मला संताप येतो.

एका दिवसात ही गत. ती कायमची युसूफ वडगावला गेली तर? आई तिच्याशिवाय चार महिने काढणार नाही. मी हे आईसाठी म्हणतोय. आणि मी तरी काय केलंय? काहीच केलेलं नाही. एक दुरुस्ती तेवढी राहिली आहे.

३ मार्च

ताईला तिचा स्वतःचा बायोडाटा पाहिजे झाला. लातूरच्या मैत्रिणीच्या ओळखीत स्थळ आहे. सर्व्हर बंद आहे म्हणून सांगितलं आणि तिला चहा करायला पाठवलं.

चहा येईपर्यंत काम झालं. बटण कुणी दाबलं ते स्क्रिप्ट आधी बघते. ताईच्या लॉगिननं किंवा आमच्या घरच्या वायफायवरून मागणी आली तर 'नाही'. बाकी कुणीही मागितलं तर 'आहे'. बटण तेच, नाव तेच, फोटो तोच. मागाहून कुणी तपासायला आलं तर तपासणार काय, फाईल असतेच कुठे? इतकं स्वच्छ काम पुण्याच्या कंपनीत केलं असतं तर साहेबानं पाठ थोपटली असती.

ताईनं फाईल उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. "लई छान झालाय रे," म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मैत्रिणीला लिंक मी माझ्या फोनवरून पाठवतो म्हणालो.

१८ मार्च

लातूर, पत्रिका. अंबाजोगाई, पत्रिका. धारूरच्या लोकांनी फोनसुद्धा केला नाही. अण्णा चक्रावलेत. "आज दहावी नापास पोरीला चार-चार स्थळं येतायत, आन आपल्या विजयमालाला कावून असं व्हावं?"

ताईला हे असं उघड्यावर ऐकू आलं ते वाईट झालं. सध्या ती आरशासमोर जास्त वेळ उभी असते. आज विचारलं, "अंगद, खरं सांग. माज्यात काय कमी हाय? लई थोराड दिसते का मी?"

मी म्हणालो, "जरा वजन कमी कर." काहीतरी उत्तर द्यायला पाहिजेच होतं.

तिनं रात्रीची भाकरी बंद केली आहे.

२९ मार्च

आता माझंच ऐका. नेकनूरची आरोही, बी.एस्सी. झालेली, दिसायला छान, बोलायला मोकळी. तिच्याकडचे घर बघून गेले. ताईनं पुरणपोळ्या केल्या, घर लख्ख केलं. आरोहीच्या वडिलांनी ताईकडे बराच वेळ बघितलं आणि निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या ताईची तब्येत बरी असती का?" बहुतेक आईचं विचारायचं होतं, गडबडले असतील. मी म्हणालो, चांगली काळजी घेतो आम्ही.

आज निरोप आला. पत्रिका जुळत नाही!

मी ती पत्रिका उचलून दुसऱ्या गुरुजींकडे नेली. ते म्हणाले, झकास जुळते. मग पहिल्यानं काय बघितलं? यांना कुणी जाब विचारत नाही म्हणून यांचं फावतं. एका माणसाच्या चुकीनं दुसऱ्याचं आयुष्य मोडतं याची यांना काही लाज? दिवसभर अंग जळत होतं. ताई समजूत घालायला आली तर तिच्यावरच ओरडलो.

१० एप्रिल

आज सगळं उघडं पडलं असतं.

हनुमानची आई, वत्सलाबाई, साखर तपासायला लॅबमध्ये गेली. रक्त काढणारी ताईच निघाली. म्हातारीला रीतभात कशाशी खातात ते माहीत नाही. तिनं ताईचा हात धरून सरळ विचारलं, "पोरी, तू मला लई आवडलीस बघ. हनुमान तर अजून दुसरं स्थळ बघू देत न्हाई. पर तुला आजार काय हाय तेवढं सांग. त्या कागदावर नुसतं 'हाय' म्हणून लिवलंय, आन आमचा जीव टांगणीला."

ताई भर दुपारी घरी आली. वत्सलाबाईच्या फोनमधली फाईल तिनं स्वतःच्या फोनवर घेतली होती. ती आणि तिची स्वतःची, दोन्ही माझ्यासमोर धरल्या.

"हे त्यांच्याकडचं. हे माजं. साइट तुजी हाय. कावून असं?"

'चूक झाली' एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मग ती उलट पावली वत्सलाबाईकडे गेली असती, आठवड्यात साखरपुडा झाला असता. अण्णांनी मला चौकात उभं केलं असतं ते वेगळंच. काही सुचत नसताना तोंडातून निघून गेलं.

"ताई, मीच केलं ते. लोकांना फसवून तुझं लग्न लावायचं माझ्या मनाला पटेना. आणि तुला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तुझ्या फाईलवर 'नाही' ठेवलं."

"काय कळू द्यायचं नव्हतं?"

"आबांनी शपथ घातली होती. लहानपणचं आहे. नको विचारू."

ती तडक आईच्या खोलीत गेली. मी दारात उभा होतो.

"आई, ह्यो काय म्हणतोय? मला काय झालतं?"

आईनं मान हलवायला सुरुवात केली. जोरजोरात, इकडून तिकडे. तोंड वाकडं झालं, घशातून आवाज निघाला, डोळ्यांतून धारा लागल्या. लकव्यापासून आईचं 'हो' आणि 'नाही' वेगळं ओळखू येत नाही, मान तशीही हलते. डावा हात तिनं माझ्या दिशेनं उचलला होता. ताईनं तो हात धरून छातीशी घेतला. "बास, आई, बास. न्हाई विचारत मी. तुमी समद्यांनी एवढं वरीस पोटात ठिवलं."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तू तर लहान होतास रे. तुज्यावर केवढं वझं टाकलं आबांनी." आणि माझ्यापाशी बसून रडली. मलाही रडू आलं, खोटं नाही. बऱ्याच दिवसांनी आम्ही भाऊ-बहीण असे जवळ बसलो.

१७ एप्रिल

ताईनं लॅबमध्ये स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. कागद घेऊन माझ्याकडे आली. सगळं नॉर्मल.

मला वाटलं, संपलं आता.

ती म्हणाली, "रक्तात काय घावत न्हाई. मग डोक्याचं हाय का, अंगद?"

मी काहीच बोललो नाही. खरंच एक शब्दही नाही.

"डोक्याचं असलं की माणसाला सोताला कळत न्हाई," ती म्हणाली. "मी कवा काय विचित्र केलं का रे? मला आठवत न्हाई असं काय?"

"जास्त विचार करू नकोस," मी म्हणालो. हे कुणीही कुणालाही म्हणतं.

२४ एप्रिल

हनुमानचा फोन. वडिलांना न सांगता केला होता. "भाऊ, ताईस्नी काय बी असू द्या. मला चालतंय. औषधपाणी मी करीन. तुमी फकस्त त्यांना विचारा."

असली माणसं असतात? आजार काय आहे ते न विचारता! मला वाटलं, आता गेली ताई. मग म्हटलं, नाही सांगितलं तर तो थेट लॅबमध्ये जाईल. म्हणून मीच सांगितलं.

ताईनं ओठ दाताखाली धरला. डोळे भरले, पण चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. नंतर ती म्हणाली, "चांगला माणूस हाय. म्हणूनच न्हाई म्हण त्यांना. उद्या लेकरू झालं आन त्याला बी असलं निघालं तर? त्यांच्या जिवाची माती मी न्हाई करायची."

"विचार कर अजून," मी म्हणालो. मी म्हणालो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

"केला. आन माजं नाव त्या साइटवरून काढून टाक."

मी काढलं. स्क्रिप्टमधल्या त्या ओळीही पुसल्या, आता त्यांचं काम नव्हतं. हनुमानला कळवलं. ताई आता कुठे जाणार नाही. आज कित्येक महिन्यांनी पोटभर जेवलो.

३० एप्रिल

ताईनं लॅब सोडली. रक्ताच्या नळ्यांवर नावं लावताना हात थांबतो म्हणे, चुकलं तर कुणाचं काय होईल. लॅबवाल्यांनी थांबवून बघितलं, ऐकलं नाही.

आणि आज तिनं आईच्या गोळ्यांचा डबा माझ्यासमोर ठेवला.

"आजपासून तू. मला माजाच भरवसा न्हाई. एखादी गोळी दोनदा दिली गेली तर? अंघोळीत हात सुटला तर? आईला मी हात लावणार न्हाई."

मी म्हणालो, असं काही होत नसतं, तू इतकी वर्षं केलंस, काही झालं का? ती म्हणाली, "तवा मला म्हाईत नव्हतं." मी समजावलं, चिडलो, हातापाया पडायचाच बाकी राहिलो. ताईनं डबा परत माझ्याकडे सरकवला. एकदा तर खरं काय ते ओठांवर आलंच होतं माझ्या. गिळलं.

बाई लावायची म्हटलं तर तिला म्हणे घरात परक्या माणसाची भीती वाटते. ती आता दिवसभर पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून असते. कुणी आलं की आत जाते.

५ मे

आज सहावा दिवस. ताई खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगते आणि मी करतो. "हात असा मानेखाली घाल. हळू. आदी डावी बाजू पूस." नाकाला रुमाल बांधला तरी वास येतोच. काल मधेच बाहेर पळालो, तर ताई दारात तशीच उभी. आई आत उघडी पडलेली, आणि ताईनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवलेले. पाऊल काही आत टाकलं नाही.

आई माझ्याकडे बघत असते. पुसताना, कूस बदलताना, सतत. पाठ करून काम करायची सोय नाही.

आणि माझ्या हातून ती तोंड उघडत नाही. पहिल्या दिवशी वाटलं, सवय नाही. आज सकाळपासून तीन वेळा भात कालवला. चमचा ओठांना लावला की दात आवळून घेते आणि डाव्या हातानं वाटी ढकलते. तो एकच हात, पण त्यात एवढा जोर कुठून येतो कळत नाही. मी हळूच म्हणालो, "आई, खा गं. माझं चुकलं." तिनं डोळे मिटून घेतले.

बाहेरून ताईनं विचारलं, "खाल्लं का रे तिनं?"

नाही म्हणालो असतो तर ती आत आली असती का? कदाचित आली असती. मग आईनं पुन्हा तशी मान हलवली असती, आणि या खेपेला ताईला कळलं असतं.

मी वाटी मोरीत रिकामी केली, वरून पाणी ओतलं आणि म्हणालो, "खाल्लं. सगळं खाल्लं."